गोळ्या चालू असताना दिवस राहिले तर?

परळला आचार्य दोंदे मार्गावर केईएम रुग्णालय आहे आणि तिथून चार पावलांवर वाडिया प्रसूतिगृह. दोन्ही १९२६ साली सुरू झालेली. मूत्रपिंडरोपण झालेल्या किंवा ल्युपस, संधिवात असलेल्या आपल्या भागातल्या लेकीसुना रात्रीच्या गाडीने केईएमला जातात, रांग लावतात आणि प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या घेऊन परततात. दिवस राहिल्यावर प्रसूतिगृहात नाव नोंदवायला जावे, तेव्हा कोणीतरी प्रथमच विचारते, 'या गोळ्या कधीपासून घेता?' तोवर उशीर झालेला असतो.

रोपण केलेले मूत्रपिंड शरीराला परके वाटते, ल्युपसमध्ये तर शरीर स्वतःवरच उलटते. म्हणून या गोळ्या लागतातच. पण त्या सगळ्या सारख्या नव्हेत. मायकोफिनोलेट हे औषध चालू असताना राहिलेले जवळजवळ निम्मे गर्भ पडतात आणि जन्मलेल्या बाळांपैकी सुमारे चारांत एकाला व्यंग असते. एरवी हे प्रमाण शंभरात दोन-तीन. बाहेरचा कान अर्धवट किंवा नसणेच, ओठ वा टाळू फाटलेली असणे, हृदयात दोष असणे, अशी ही व्यंगे. हे अवयव पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच घडतात, म्हणजे घरात गोड बातमी फुटण्याच्या आधीच! म्हणून गर्भ राहण्यापूर्वी किमान सहा आठवडे हे औषध बदलावे लागते आणि तोवर संततिनियमन पाळावे लागते. मेथोट्रेक्सेट आणि सायक्लोफॉस्फामाइड ही याच पंगतीतली.

उलट अॅझाथायोप्रिन, टॅक्रोलिमस, प्रेडनिसोलोन, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही औषधे देखरेखीखाली गरोदरपणातही चालू ठेवता येतात. रोपण झालेल्या स्त्रिया आई होतात, त्या याच बदलामुळे. घाबरून सगळ्याच गोळ्या मनाने बंद करणे हे दुसरे टोक. मूत्रपिंड निकामी झाले तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते.

यात बाईला दोष देण्याची आपल्याकडे भारी हौस. वास्तविक लग्न जमवताना आजार लपवला जातो, सासरी त्याच गोळ्या 'रक्तवाढीच्या' म्हणून सांगितल्या जातात, आणि पाकिटावरचा इशारा इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत असतो. माझे स्पष्ट मत असे की, गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच प्रत्येक तरुण स्त्रीला दर खेपेला विचारावे, 'मूल हवे आहे का आणि केव्हा?' उत्तर केसपेपरवर लिहावे. नवऱ्याला नव्हे, तिला विचारावे. गर्दीत वेळ नसतो हे मान्य. पण या प्रश्नाला अर्धा मिनिट पुरतो.

पाळी चुकलीच, तर महिना संपायची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात लघवीची तपासणी करून गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना गाठा. मुंबई लांब असेल तर आधी फोन करा. जाताना सगळी रिकामी पाकिटे पिशवीत घाला. 'पांढरी गोळी' एवढ्यावरून डॉक्टरांनाही काही कळत नाही.