बांधकामावरील बालके
आपल्या भावी घराची भिंत उभी राहत असता ती बांधणाऱ्या मजूर स्त्रीचे मूल खडीच्या ढिगावर खेळत असते, हे दृश्य मुंबईकरांस नवे नाही. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी अशा मुलांसाठी फिरत्या पाळणाघरांचे कार्य आरंभिले; १९७२ साली ते मुंबईतही सुरू झाले. या कार्यास यथाशक्ति देणगी द्यावी, सवडीचे चार तास मुलांना शिकविण्यात वेचावेत, हे उचितच होय. परंतु तेवढ्याने भागणार नाही. पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर हवे, असे १९९६ च्या कायद्यानेच सांगितले. तेव्हा घराचा हप्ता भरताना ‘येथील पाळणाघर कोठे आहे?’ असे प्रत्येकाने बिल्डरास विचारावे. देणगी देणारा हात आणि जाब विचारणारा आवाज एकाच नागरिकाचा असावा, असे आम्हांस वाटते.