महामार्गावरील रंग पुसा, पण सगळ्यांचाच

पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गाचा, म्हणजे पूर्वीच्या ४ आणि आताच्या ४८ क्रमांकाच्या रस्त्याचा, कागल ते बेळगाव हा पट्टा सीमाभागाच्या जिव्हाळ्याचा आहे. या मार्गाचे सहापदरीकरण हाती घेण्यात आले आणि पूल, मोऱ्या, भुयारी मार्ग यांची कामे निघाली. पण काँक्रीट वाळते न वाळते तोच त्यावर रंगाचे फराटे उमटतात. कोठे पक्षाचे चिन्ह, कोठे शिकवणी वर्गाची जाहिरात, तर कोठे दुसऱ्याच्या भाषेच्या नावाने शिमगा! दिशादर्शक फलकांना काळे फासण्याचा प्रकार तर आपल्या भागाला नवा नाही.

हा केवळ शोभेचा प्रश्न आहे असे समजणे चुकीचे ठरेल. रस्त्यावरील फलक गाडीच्या दिव्याचा प्रकाश परत फेकतो, म्हणूनच तो रात्री वाचता येतो. त्यावर काळा रंग फासला की तो फलक नसल्यात जमा. काम चालू असताना रस्ता कोठे वळवला आहे हे चालकाला फलकावरूनच कळते. गळीत हंगामात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या पुढे असताना तवंदी घाट उतरणाऱ्या चालकाला तो फलक दिसला नाही, तर जीव कोणाचा जाईल? अपघात मातृभाषा विचारून होत नाही.

हा रंग काढून घेण्याची योग्य वेळ काम चालू असतानाचीच आहे. काम पुरे होऊन ताब्यात दिले जाईपर्यंत बांधकामाची निगा कंत्राटदाराने राखायची असते. त्याची माणसे, यंत्रे आणि पाण्याचे टँकर जागेवरच असतात. ती एकदा निघून गेली की चार खांब धुण्यासाठीही वेगळे अंदाजपत्रक आणि वेगळी मंजुरी लागते. शिवाय ताजा रंग तारेच्या ब्रशने व पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बराचसा निघतो. जुना मात्र काँक्रीटच्या छिद्रांत मुरतो.

कायद्याची उणीव नाही. सार्वजनिक जागांच्या विद्रूपीकरणाविरुद्ध कर्नाटकात १९८१ चा आणि महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे. प्रश्न समान न्यायाचा आहे. मराठी अक्षरे तेवढी रातोरात पुसायची आणि मराठीविरोधी घोषणा वर्षानुवर्षे ठेवायच्या, ही सफाई नव्हे, पक्षपात आहे. तसेच कानडी फलकाला डांबर फासणाऱ्या मराठी हाताचे समर्थनही करता येणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, पाठोपाठ पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. त्यातून मराठीचा एक तरी फलक वाढला काय?

तेव्हा मार्ग एकच, लेखी निवेदनाचा. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. गावोगावच्या समिती कार्यकर्त्यांनी महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांकडे मराठीतच निवेदन द्यावे. किलोमीटरचा आकडा, रस्त्याची बाजू, तारीख व छायाचित्र जोडावे. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये. मुख्य म्हणजे यादीत सगळ्या भाषांचे आणि सगळ्या पक्षांचे लिखाण असावे, आपल्या बाजूचेही.

असे केल्याने आपली बाजू दुबळी होत नाही, उलट बळकट होते. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व देशाने मान्य केलेले आहे. या तत्त्वाच्या आधारे महामार्गावर मराठी फलक मागताना आपले हात रंगाने माखलेले असतील, तर अधिकाऱ्यांना नकाराचे आयते निमित्त मिळेल.

मराठीला पुलाच्या खांबावर चोरून लिहिलेली जागा नको आहे. तिला अधिकृत फलकावर सन्मानाची जागा हवी आहे. ती मागण्याचा नैतिक अधिकार प्रथम आपण जपला पाहिजे.