घरच्या जाळ्यावर बाई पाहुणीच?

बाईच्या हातात लॅपटॉप आला की ती सक्षम झाली, असे सरकारी पत्रकांत छापून येते आणि आपल्या शिबिरांतही बोलले जाते. हे मला मान्य नाही. लॅपटॉप एकटा फारसे काही करीत नाही. त्याला प्रिंटर लागतो, फोनवर काढलेली कागदपत्रांची छायाचित्रे त्यावर आणावी लागतात, घरातल्या दुसऱ्या संगणकावरची फाइल उघडावी लागते. ही सगळी यंत्रे ज्या एका डबीतून एकमेकांशी बोलतात, त्या राउटरचा पासवर्ड कोणाकडे असतो? सातबारावर कोणाचे नाव, हे विचारायला आपण शिकलो. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली, तेव्हा तो प्रश्न अनेक घरांत पोचला. घरातल्या जाळ्याच्या किल्लीबद्दल मात्र आपण अजून तोंड उघडलेले नाही.

सिद्धेश्वरचे उदाहरण घ्या. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातले, पूर्णा नदीवरच्या धरणाचे हे गाव. इथे एका बचत गटाचा हिशेब लिहिणाऱ्या बाईकडे गटाच्या कामासाठी लॅपटॉप आहे. घरात वायफाय आहे, कारण दीर पुढच्या खोलीत ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचा धंदा करतो. प्रिंटरही आहे, आणि तो गटातून तिच्या नावावर काढलेल्या कर्जाचा आहे. हप्ते तीच भरते. पण तिच्या लॅपटॉपवरून त्या प्रिंटरवर एक पान निघत नव्हते. "नेट तर चालायलंय ताई, पण प्रिंटरच दिसंना," असे ती सांगत होती. घरातल्यांनी निदान आधीच करून टाकले होते: बाईच्या हाताला मशीन लागले की बिघडतेच! बँकेत द्यायचे गटाचे कागद छापायला ती औंढ्याला जात होती, गाडीभाडे खर्चून आणि दिवसाची मजुरी बुडवून.

आम्ही दोघींनी बसून पाहिले, तेव्हा बिघाड ना लॅपटॉपमध्ये निघाला, ना प्रिंटरमध्ये. एकाच राउटरवर दोन नावांची जाळी होती. एक धंद्याचे, त्यावर प्रिंटर आणि दिराचा संगणक. दुसरे 'गेस्ट', म्हणजे पाहुण्यांसाठीचे. कामाचे नेट हळू होऊ नये म्हणून तिचा लॅपटॉप या दुसऱ्यावर जोडून दिला होता. पाहुण्यांच्या जाळ्याची रचनाच अशी असते, की आलेल्याला बाहेरचे इंटरनेट मिळावे, पण घरातली यंत्रे त्याला दिसू नयेत. धंद्यावर येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी ती सोय योग्यच आहे. पण त्या घरात वर्षानुवर्षे राबणाऱ्या, प्रिंटरचे हप्ते भरणाऱ्या बाईला यंत्राने पाहुणी ठरवले, कारण माणसांनी तिला आधीच तसे ठरवलेले होते. माहेरी परक्याचे धन, सासरी दुसऱ्या घरची, आणि आता राउटरवरही पाहुणी.

या विषयाभोवती जे गूढ उभे केले जाते, ते खरे पाहता फार थोडे आहे. इंटरनेट चालणे आणि घरातली यंत्रे एकमेकांना दिसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे आधी लक्षात घ्यावे. धरणाच्या गावात हे लवकर समजते. येलदरीतून सोडलेले पाणी सिद्धेश्वरात आले, कालव्याला सुटले, म्हणून ते आपल्या चारीला पोचलेच असे होत नाही. मधली दारे तपासावी लागतात.

इथेही तीन दारे तपासावीत. पहिले, लॅपटॉप, फोन आणि प्रिंटर एकाच नावाच्या जाळ्यावर आहेत का? पुष्कळदा बाईला घरचा पासवर्डच दिलेला नसतो आणि ती आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून काम करते. मग प्रिंटर मांडीला मांडी लावून ठेवला तरी सापडणार नाही, कारण लॅपटॉप घरच्या जाळ्यावर नाहीच. दुसरे, विंडोजचा लॅपटॉप प्रत्येक जाळ्याला 'सार्वजनिक' किंवा 'खासगी' मानतो. सार्वजनिक मानले की तो स्वतःला इतर यंत्रांपासून लपवतो. घरच्या, खात्रीच्या जाळ्यापुरते सेटिंगमध्ये जाऊन ते 'खासगी' करावे. बसस्थानकावर किंवा दुकानात तसे कधीही करू नये. तिसरे, राउटर प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो, बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होणारा. वीज जाऊन आली की प्रिंटरला कधी नवा क्रमांक मिळतो आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारीत बसतो. तिन्ही यंत्रे बंद करून आधी राउटर, मग प्रिंटर, मग लॅपटॉप असे चालू केले की बऱ्याचदा काम होते. नाही झाले, तर लॅपटॉपमधला जुना प्रिंटर काढून तो नव्याने जोडावा. बहुतेक राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक क्रमांक कायमचा राखूनही ठेवता येतो. फायरवॉल बंद करून टाका, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. दार अडकते म्हणून घराचे दारच कोणी काढून ठेवीत नाही. हे सारे शिकायला एक दुपार पुरते.

पण क्रमांक राखून ठेवायचा, किंवा जाळ्यांची मांडणी बदलायची, तर राउटरच्या आत शिरावे लागते. त्याला वेगळा पासवर्ड असतो. खरी सत्ता तिथे आहे. ज्याच्याकडे तो पासवर्ड, त्याला घरातली कोणकोणती यंत्रे जोडलेली आहेत याची यादी दिसते. त्यातले एखादे यंत्र त्याला तोडता येते. बऱ्याच राउटरमध्ये ठरावीक वेळेनंतर ते बंद राहील अशीही व्यवस्था करता येते. भांडण झाले की बायकोचा फोन जाळ्यावरून काढून टाकणे हे दोन मिनिटांचे काम आहे. हात उगारावा लागत नाही, शिवी द्यावी लागत नाही. "नेटच गेलंय," एवढे म्हटले की झाले.

सिद्धेश्वरच्या त्या घरातही अडचण सापडल्यावर पासवर्ड लगेच मिळाला नाही. "वहिनींना काय करायचाय तो?" असा प्रश्न आला. तेव्हा गटाच्या बैठकीत बायकांनी ठराव केला, की गटाच्या कर्जातून घेतलेले यंत्र कर्जदार बाईला स्वतः वापरता आलेच पाहिजे, आणि त्याला लागणारे सगळे पासवर्ड तिच्या वहीत असलेच पाहिजेत. पुढच्या कर्जाचा विषय निघाला आणि पासवर्ड मिळाला. एकटीने मागितला तो हट्ट ठरला होता, पंधरा जणींनी मागितला तो नियम झाला.

कायदाही आपल्या बाजूने वाचता येतो. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यातल्या कलम ३ मध्ये आर्थिक छळाची व्याख्या आहे. घरातल्या नात्यामुळे जी साधने आणि सोयी वापरण्याचा बाईला हक्क आहे, त्या वापरण्यास मनाई करणे किंवा त्यावर बंधन घालणे, हे त्यात येते. राउटर हा शब्द तिथे नाही. पण घरातली सोय म्हणून तो त्यात बसतो, असे आपण संरक्षण अधिकाऱ्यापुढे मांडायला हवे. २०१९ मध्ये फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने मुलींच्या वसतिगृहातल्या मोबाइलवरच्या निर्बंधांविरुद्ध दाद मागितली, तेव्हा केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. वसतिगृहात जो हक्क आहे, तो सासरच्या उंबऱ्याशी का संपावा?

"पाण्याचे, रेशनचे, मजुरीचे प्रश्न सोडून हे काय काढलेत?" असे काही कार्यकर्त्या विचारतील. मी म्हणेन, त्याच प्रश्नांसाठी काढले. २०२५ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेची ई-केवायसी आली, तेव्हा बाईच्या आधारबरोबर पती किंवा वडिलांचा आधार आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी मागितला गेला. हक्क बाईचा आणि किल्ली पुरुषाच्या खिशात, ही रीत सरकारलाही अंगवळणी पडली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका देशात ३३.३ टक्के आणि पुरुष ५७.१ टक्के निघाले. पण वापरणाऱ्या त्या तिसऱ्या हिश्श्यातही पासवर्ड किती जणींकडे आहे, हे कोणी विचारीत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात सहा कोटी घरांतल्या एकेका व्यक्तीला २० तासांचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. भर कशावर? यंत्र चालू करणे, ईमेल, शोध घेणे, सरकारी सेवा, पैसे पाठवणे. म्हणजे वापरण्यावर. जोडण्यावर आणि दुरुस्त करण्यावर नाही.

हा भेद जुना आहे. हातपंपावर रांग लावणारी बाईच, पण पाना धरणारा पुरुष. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्येच्या कामातून गरीब, दलित घरांतल्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या आणि बाईला यंत्र कळत नाही हा समज त्यांनी मोडून काढला. राउटर हातपंपापेक्षा हलका आहे. त्याला चिखलात उतरावे लागत नाही.

आणि आपल्या संघटनांच्या कार्यालयांतही एकदा पाहा. प्रिंटर दिसेनासा झाला की कोणत्या 'दादा'ला फोन जातो? पीडित बायकांची प्रकरणे ज्या संगणकांवर आहेत, त्या जाळ्याचा पासवर्ड बाहेरच्या माणसाकडे असणे ही गैरसोय नाही, तो धोका आहे.

म्हणून माझ्या मागण्या सरकारकडेही आहेत आणि आपल्याकडेही. बायकांच्या प्रत्येक संगणक प्रशिक्षणात यंत्रे जोडणे आणि बिघाड शोधणे हा भाग असावा. गटाच्या पैशांतून आलेल्या यंत्राचे पासवर्ड बाईच्या ताब्यात असावेत. प्रत्येक गटात दोघी जणी तरी राउटरच्या आत जाऊन बदल करायला शिकलेल्या असाव्यात. जिथे घरात हिंसा आहे, तिथे मात्र आधी सुरक्षितता पाहावी. तिथे फाइली सामायिक ठेवू नयेत, केसचे कागद घरच्या जाळ्यावर उघडे राहू देऊ नयेत, आणि मदतीसाठी १८१ हा क्रमांक पाठ असावा.

पुढच्या बैठकीत हजेरीनंतर एकच प्रश्न विचारा: तुमच्या घरच्या राउटरचा पासवर्ड कोणाकडे आहे? किती हात वर येतात ते मोजा, आणि कामाला तिथूनच सुरुवात करा.