सुपरिंटेंडेंटच्या खुर्चीविषयी

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात हायस्कूल पूर्ण केलेल्या मुलांचा सत्कार चालू असता, एका मुलीने आपण शिक्षणशास्त्र शिकून पुढे स्कूल डिस्ट्रिक्टच्या कारभारात जाणार असल्याचे सांगितले, तेव्हा मागच्या रांगेतून "एवढी हुशार पोर, आणि शेवटी शाळामास्तरीणच ना!" असे उद्गार आले आणि आसपासच्या चार-दोघांनी त्यांस मान डोलावली. बोलणारे गृहस्थ सज्जन आहेत, त्यांच्या मनात काही वाकडे नव्हते, हेही मी जाणतो. परंतु ज्या आपण घर घेताना स्वयंपाकघर पाहण्यापूर्वी डिस्ट्रिक्ट पाहिले, त्या आपणच ते डिस्ट्रिक्ट चालवणाऱ्या सुपरिंटेंडेंटच्या पदाची अशी संभावना करावी, हे मला अत्यंत खेदजनक वाटले.

माझे वडील सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. शाळाखात्याचे दिपोटी तपासणीस येणार अशी वर्दी आली की आठ दिवस आधी शाळा सारवली जाई, हजेरीपट नव्याने आखले जात, आणि पाटील स्वतः वेशीपर्यंत सामोरे जात. त्याच घराण्यात आज थोरल्या चिरंजीवांची संगणक कंपनीतील बढती त्याच रात्री पुण्याला कळवली जाते. धाकटी सून मात्र "सध्या शाळेत शिकवते", असे सांगितले जाते.

या पदापर्यंत पोहोचण्याची वाट किती लांब आहे, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आधी वर्गात शिकवावे, मग मुख्याध्यापकी करावी, मग राज्याची स्वतंत्र सनद मिळवावी, आणि इतके होऊनही नेमणूक मुदतीची. आपल्या इलिनॉयमध्ये एका कराराची मुदत पाच वर्षांहून अधिक असू शकत नाही. नेमणारे शाळा-बोर्डाचे सात सभासद लोकांनी निवडलेले आणि बिनपगारी. ते बदलले की सुपरिंटेंडेंटच्या पायाखालची जमीनही हलते. शाळांच्या हद्दी बदलण्याच्या प्रश्नावर भरलेल्या एका सभेस मी गेलो होतो. नागरिक एकामागून एक उठून आपल्या वाट्याच्या तीन मिनिटांत संतापाने बोलत होते, आणि सुपरिंटेंडेंटबाई उत्तर न देता प्रत्येकाचे म्हणणे स्वहस्ते टिपून घेत होत्या. जानेवारीत रात्रभर बर्फ पडले की बसगाड्या सोडाव्यात की शाळा बंद ठेवावी, याचा हुकूम आपण अंथरुणात असताना, पहाटेच, याच खुर्चीवरील व्यक्तीला द्यावा लागतो.

आणि ज्या शहराच्या आसऱ्याने आपण राहतो, त्या शिकागोचाच इतिहास पाहावा. एला फ्लॅग यंग ही बाई 1862 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, येथे शिक्षिका झाली. पुढे तिने मुख्याध्यापकी केली, साहाय्यक सुपरिंटेंडेंटचे काम केले, आणि वरिष्ठांचा एकतंत्री अंमल असह्य झाला तेव्हा 1899 साली राजीनामा दिला. पन्नाशी उलटल्यावर जॉन ड्यूई यांच्या हाताखाली तिने डॉक्टरेट मिळवली, आणि 1909 साली, चौसष्टाव्या वर्षी, साऱ्या शहराच्या शाळांची सूत्रे तिच्याकडे आली. अमेरिकेतील एवढ्या मोठ्या शहराच्या शाळा स्त्रीच्या हाती जाण्याचा तो पहिलाच प्रसंग. शिक्षकांनाही कारभारात मत असावे, हा तिचा आग्रह अनेकांना रुचला नाही. 1913 च्या डिसेंबरात बोर्डाने तिच्या जागी दुसऱ्याची निवड केली, तेव्हा शहरातील स्त्रियांनी असा गदारोळ उठवला की बोर्डास तिला पुन्हा बोलवावे लागले. सत्तेचाळीस वर्षे वर्गापासून दप्तरापर्यंत झिजून मिळवलेल्या त्या अधिकाराला ज्याने "शेवटी शाळामास्तरीणच" म्हणावे, त्याने आपल्या मुलांना विद्येचा आदर शिकवण्याची उमेद कशाच्या बळावर धरावी?

आपल्या मराठी वर्गास हायस्कूलचे श्रेयांक मिळावेत, हे गाऱ्हाणे आपण दरवर्षी वार्षिक सभेत मांडतो. पण त्याची मंजुरी डिस्ट्रिक्टच्या ज्या दप्तरातून यावयाची, तेथे आपल्यापैकी किती जण कधी गेले? घरपट्टीविषयीही तेच. तिचा सर्वांत मोठा वाटा शाळांकडे जातो म्हणून आपण कुरकुरतो, परंतु अंदाजपत्रक मांडले जाते त्या सभेच्या खुर्च्या रिकाम्या असतात.

हे सारे उपदेशासारखे झाले असल्यास वाचकांनी क्षमा करावी. दोन-दोन नोकऱ्या आणि मुलांचे क्लास सांभाळून सभांना जाणे किती कठीण, हे मलाही ठाऊक आहे. तरीही एवढी विनंती करतोच, की घरातील मुलाने वा मुलीने शिक्षणखात्याचे नाव काढले तर त्यांना परावृत्त करू नका. शाळा-बोर्डाची निवडणूक विषम सालच्या एप्रिलमध्ये येते. ज्यांना मताधिकार आहे त्यांनी त्या दिवशी मत द्यावे, आणि ज्यांना तो नाही त्यांनी सभेत उठून बोलावे; त्यासाठी नागरिकत्वाचा दाखला कोणी मागत नाही.