‘आधीपासून होते’ हे सिद्ध कोण करणार?

एखाद्या संगणकीय पद्धतीवर कोणी एकस्वाचा, म्हणजेच पेटंटचा, हक्क सांगितला की ‘यात नवे ते काय? हे आमच्याकडे आधीपासून होते,’ असा उद्गार हमखास निघतो. तो खरा असेलही. परंतु कायद्यापुढे उद्गार हा पुरावा नव्हे.

हळदीचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. हळदीने जखम भरून आणण्याच्या उपचाराचे एकस्व १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. वऱ्हाडातील प्रत्येक स्वयंपाकघराने साक्ष दिली असती. पण परदेशातील वहिवाट तेव्हाचा अमेरिकी कायदा जमेस धरीत नव्हता, त्याला छापील आधार हवा होता. परिषदेने बत्तीस आधार दिले; त्यांत १९५३ चा एक वैद्यकीय लेखही होता. १९९७ साली ते दावे रद्द झाले.

संगणकाच्या क्षेत्रातही कसोटी हीच. आपल्या १९७० च्या कायद्यानुसार निव्वळ आज्ञावलीला एकस्व मिळत नाही. तांत्रिक परिणाम साधणाऱ्या पद्धतीचा दावा मात्र विचारात घेतला जातो. समजा, कापसाचे वजन काट्यावरून संगणकात घेणे, त्यावरून रक्कम काढणे आणि शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर संदेश धाडणे, असा तीन अंगांचा दावा आहे. अकोल्यात पूर्वी झालेल्या कामात पहिली दोनच अंगे असतील, तर दाव्याचे नावीन्य ढळत नाही. तिन्ही अंगे एकाच जुन्या आधारात, अर्जाच्या तारखेपूर्वी, सापडली पाहिजेत. दोन आधार जोडून ‘हे तर कोणाही जाणकाराला सुचले असते’ असे म्हणता येईल. पण तो आक्षेप निराळा, आणि सिद्ध करण्यास अधिक कठीण.

एकस्व मंजूर होण्यापूर्वी कोणाही व्यक्तीला हरकत घेण्याची मुभा कलम २५ देते. मात्र तिचा उपयोग करण्यास हाती तारखेचा कागद हवा. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत दरवर्षी विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल तयार होतात. ते कपाटात कुलूपबंद राहिले, तर कायद्याच्या लेखी ते प्रसिद्ध झालेच नाहीत. ज्याला स्वतः एकस्व हवे असेल त्याने आधी अर्ज करावा. इतरांचे अहवाल तारखेसह ग्रंथालयाच्या सूचीत नोंदवून सर्वांस खुले करावेत. हे काम प्राध्यापकाचे आणि ग्रंथालयातील कारकुनाचे आहे. ते झाले नाही, तर आपलेच काम दुसऱ्याच्या नावे नोंदले जाईल आणि आपल्यापाशी उरेल तो केवळ उद्गार.