कुंपणातील पत्री

श्रीगणेशाच्या आगमनापूर्वी घरोघरी साफसफाई होते, मखर सजते, मोदकांची तयारी सुरू होते. आणि चतुर्थीच्या सकाळी यजमान पिशवी घेऊन पत्रीसाठी बाजारात धावतात. गेल्या चतुर्थीस आम्हीही धावलो. घरी येऊन जुडी सोडली, तो आघाडा नाही, शमी नाही. मात्र पिवळ्या ठिपक्यांची क्रोटनची दोन पाने तीत होती. तसले क्रोटन आमच्याच फाटकाशी उभे होते!

यवतमाळच्या नव्या वसाहतींतून फेरफटका मारावा, तर बहुतेक अंगणांना सोनेरी डुरांट्याची नाही तर चितकबऱ्या क्रोटनची कड दिसते. खेड्यात पऱ्हाट्यांचे कूड आणि धुऱ्यावरची बोरी अजून आहे. शहराने मात्र शोभेची पाने पत्करली. ती सुंदर आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पानावर जेथे पिवळा वा पांढरा पट्टा असतो, तेथे हरितद्रव्य तोकडे असते. म्हणून असे झाड सावकाश वाढते, आणि मधूनच निघणारा निखळ हिरवा फुटवा वेळीच न छाटल्यास तोच जोमाने वाढून सगळे झाड व्यापतो. डुरांट्याची पिवळी फळे तर विषारी असतात. लहान मुलांच्या घरी एवढे तरी ठाऊक असावे.

युरोपातही चितकबऱ्या पानांच्या कुंपणाची हौस जुनी आहे. तेथील हॉली हे काटेरी पानांचे, तांबड्या फळांचे झुडूप. त्याची नर व मादी झाडे वेगळी. गंमत अशी की ‘गोल्डन किंग’ नावाचा वाण मादी आहे व ‘सिल्व्हर क्वीन’ नर! वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास नेणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ते टिकणे कठीण. पण एक गोष्ट घेण्याजोगी आहे: नाताळात तेथील माणूस आपल्याच कुंपणाची डहाळी तोडून दारी लावतो. त्याचे कुंपण त्याच्या सणाला उपयोगी पडते. आपले का पडू नये?

एकवीस पत्रींची प्रचलित यादी डोळ्यांपुढे आणावी. डाळिंब, कण्हेर, जाई, मालती ही तर कुंपणाचीच झाडे. कोपऱ्यात शमी, उंच सडसडीत हादगा, उकिरड्याच्या बाजूस रुई. मोरीचे पाणी वाहते तेथे माका आणि पायथ्याशी आघाडा, डोरली, विष्णुक्रांता. यांतली कित्येक तर न लावता उगवतात आणि आपण त्यांना तण म्हणून उपटतो! कण्हेर, रुई व धोत्रा विषारी आहेत. ती मुलांच्या व गुरांच्या तोंडी जाणार नाहीत अशी लावावीत. पिंपळ मात्र भिंतीजवळ नको; त्याची मुळे भिंत फोडतात. बेल, अर्जुन यांची चार पाने शेजारून मागून आणावीत. देवदार हिमालयातला, न मिळणाऱ्या पत्रीऐवजी अक्षता वाहण्याची सोय आपल्या पूर्वजांनी करूनच ठेवली आहे.

आमच्या मते खरी हानी बाजारच्या जुडीने होते. ती भरण्यासाठी माळरानावरील झुडपे फांद्यांसकट ओरबाडली जातात, आणि घेणाऱ्यास पान ओळखता येत नसल्याने काहीही खपते. मुलांना आघाडा दाखवायचा तर तो अंगणातच हवा. कळंबच्या चिंतामणीस जाणाऱ्या भाविकाने घरची दूर्वा व घरची शमी नेली, तर त्यात मोलाने घेतलेल्या जुडीहून निराळे समाधान आहे, हे ज्याने नेली त्यास विचारावे.

डुरांटा उपटून टाका, असे आम्ही म्हणत नाही. चार-चार फुटांवर एकेक झुडूप काढून तेथे डाळिंब व कण्हेर लावावी. भाद्रपदात जमिनीत ओल असते. वीतभर लांबीची पक्व काडी दोन डोळे मातीत जातील अशी तिरपी खोवली की बहुधा फुटते. काळ्या मातीत पाणी साचते, म्हणून वरंब्यावर लावावी. आमच्या फाटकाशी आता जाई चढली आहे; क्रोटनही तेथेच आहे.