पोटार्थी विद्या?

अभियांत्रिकी ही पोटार्थी विद्या आणि चिंतन काय ते साहित्य-तत्त्वज्ञानात, अशी सोयीस्कर वाटणी आमच्या मराठीच्या प्राध्यापकवर्गात आजही बिनदिक्कत चालते. अभियांत्रिकीची पदवी घेऊन मराठीकडे वळलेल्या माझ्यासारख्याला 'सुटलात!' असे कौतुकाने म्हटले जाते. कशातून सुटलो, हे मात्र कुणी सांगत नाही.

उष्मागतिकीच घ्या. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली वाफेच्या इंजिनाविषयी एक लहानसे पुस्तक लिहिले. प्रश्न निव्वळ व्यावहारिक: उष्णतेतून अधिकात अधिक काम किती निघेल? उत्तर मात्र व्यवहाराला ओलांडून जाणारे. वाफ वापरा की हवा, मर्यादा ठरते ती केवळ दोन तापमानांवर. आजच्या मोजपट्टीत सांगायचे तर ६०० केल्विनला उष्णता घेऊन ३०० केल्विनला सोडणारे घर्षणरहित, सर्वथा निर्दोष यंत्रही घेतलेल्या उष्णतेपैकी निम्म्याहून अधिकाचे काम करू शकत नाही. ही उणीव कारागिराची नव्हे. सृष्टीची घडणच तशी आहे. (उष्णता हा एक द्रव आहे, ही त्या काळची चुकीची कल्पना कार्नोने गृहीत धरली होती. तरीही निष्कर्ष टिकला! ज्ञानमीमांसेच्या तासाला याहून चांगले उदाहरण कोणते देणार?) पुढे १८६५ मध्ये क्लॉसियसने 'एन्ट्रॉपी' हा शब्द घडवला आणि काळाला दिशा का असते, हा प्रश्न इंजिनाच्या अभ्यासातून पुढे आला.

किंवा सुरक्षा गुणांक. तुळई जेवढा भार पेलेल असे गणित सांगते, त्याच्या काही अंशच तिच्यावर येऊ द्यायचा. कारण पोलादातले दोष, उद्याचा भार आणि खुद्द आपले गणित, यांपैकी कशाचीच पुरती खात्री नसते. स्वतःच्या अज्ञानाला आकडा देऊन ते हिशेबात धरणारी दुसरी विद्याशाखा मला तरी ठाऊक नाही. समीक्षा तर नव्हेच.

हे वर्गात कुणी सांगितले नाही, हे खरे. परीक्षेपुरती उदाहरणे सोडवायची आणि वाफेच्या कोष्टकातून एन्ट्रॉपीचा आकडा उचलायचा, एवढेच शिकवले गेले. पण म्हणून आम्ही नाके मुरडावीत काय? मर्ढेकरांच्या कवितेत यंत्र आले रे आले की आम्ही 'यंत्रयुगातील माणसाचे वैफल्य' असे फळ्यावर लिहितो आणि पुढे सरकतो. त्या यंत्रालाही ओलांडता न येणारी एक मर्यादा असते, हे आमच्या किती व्याख्यात्यांना माहीत आहे? आमचे विद्यार्थीही तो शब्दप्रयोग कोष्टकातल्या आकड्यासारखाच उत्तरपत्रिकेत उतरवतात, आणि त्याला आम्ही गुण देतो.